टेबलावरचं शेत

"हाय त्यात भागतंय की!" असं म्हणून मावशी कॅबिनेटवर दोन थापा मारायच्या. बैलाच्या पाठीवर मारतात तशा. त्या जुनाट कॉम्प्युटरला थापेचं काय कळणार, पण मला कळायचं. आता आपली सुटका नाही.

मावशी आमच्या शेजारच्या, मूळच्या मंद्रूपच्या. गुडघे गेले तसं शेत दिराच्या हवाली करून सोलापुरात मुलाच्या घरी आल्या, तर मुलाची बदली बेंगळुरूला झाली आणि त्या इथं एकट्याच राहिल्या. मी तेव्हा पुण्याची नोकरी जाऊन घरात बसलो होतो. "सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारू नये म्हणून गच्चीवरही जायचो नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याला सल्ला सगळे देतात, काम कुणी देत नाही. मावशींनी दिलं.

नातवाच्या मोबाईलवर त्यांनी शेतीचा गेम पाहिला होता. तो त्यांना मोठ्या पडद्यावर हवा होता. मुलाचा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पलंगाखाली पडून होता.

"मावशी, यावर चालणार नाही. नवीन घ्या."

"नवीन घ्या म्हनायला तू कशाला पायजेस? ते दुकानदार बी म्हनतंय की."

मग कामाला लागलो. रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, पॉवर सप्लाय बदलला. प्रोसेसर तोच ठेवला. नवी पेठेच्या मागच्या एका बोळातून कुणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं, ते इतकं लांब निघालं की कॅबिनेटचं झाकण लागेना.

"ऱ्हाऊ दे उघडं. वारं लागंल त्याला," मावशी म्हणाल्या.

आणि गेम चालला! ट्रॅक्टर अडखळला की मावशी बैलाला हाकावं तसं कानडीत "नडी, नडी" करायच्या. त्या गेममध्ये ज्वारी नव्हती, याचा त्यांना फार राग. "ज्वारी न्हाय म्हंजे? ह्यांची मानसं खातात तरी काय?"

मग येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडची माणसं शेतात जेवायला जातात, पूजा करतात, शेताभोवती फिरून ताकातली आंबील शिंपडतात. मावशींचे गुडघे त्या वर्षी मंद्रूपपर्यंत न्यायच्या लायकीचे नव्हते. म्हणून त्यांनी पडद्यावर शेत लावलं, पुढ्यात पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे मांडले आणि टेबलाभोवती लंगडत फिरून आंबील शिंपडली. सढळ हातानं. झाकण नसलेल्या बाजूनंही.

पडदा काळा झाला. मी कपाळावर हात मारला. इतक्या महिन्यांत हाताला लागलेलं एकच काम, तेही ताकात बुडालं. "मावशी, गेलं सगळं!"

"कुटं जातंय? तू हायस की," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढं पान सरकवलं. "आदी जेव."

खोटं कशाला सांगू, तू आहेस ना, असं मला कितीतरी दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. जेवून उठलो, एकेक भाग सुटा केला, स्पिरिट आणि ब्रशनं पुसला, पंख्याखाली नीट वाळवला. पुन्हा जोडून बटण दाबलं. ट्रॅक्टर होता तिथंच उभा होता. मावशी खुर्ची ओढून लगेच नांगरायला बसल्या, जशी काही मधे वीज गेली होती.

आज आमच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. जुने कॉम्प्युटर गेमसाठी तयार करून देतो, कमी खर्चात. पहिली गिऱ्हाइकं सगळी मंद्रूपची होती, कुणी पाठवली ते सांगायला नको. माझं घर चालतं ते त्या बाईमुळं. त्यांच्या तोंडावर हे कधी म्हणालो असतो तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

गेल्या वर्षी मावशी झोपेतच गेल्या. मुलगा येऊन घराला कुलूप लावून गेला.

परवा करकंबचे एक गृहस्थ पोत्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन आले. गुडघ्याच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलेले असताना त्यांची नि मावशींची कधीतरी गाठ पडली होती. तिथं मावशींनी त्यांच्याकडून माझा पत्ता पाठ करून घेतला होता. "लेकीला गेम खेळायचेत. चालंल का ह्यात?" त्यांनी विचारलं. मी स्क्रू काढून आत पाहिलं आणि चालेल म्हटलं.

निघताना ते दारात थांबले. "मावशीस्नी सांगा बरं का, करकंबचा मानूस येऊन गेला म्हनून. लई कौतिक करत होत्या तुमचं. म्हनल्या, हाताला गुन हाय त्याच्या."

"सांगतो," मी म्हणालो.