कर्नल मान हलवतो

गोरोबा नळदुर्गच्या डाक बंगल्यावर चपराशी होते. निजामाचा अंमल होता. सोलापूर-हैदराबाद सडकेनं जाणारे-येणारे अंमलदार त्या बंगल्यात मुक्कामाला उतरायचे. पाणी भरायचं, कंदिलाच्या काचा पुसायच्या, साहेबांचे ओले बूट उन्हाला ठेवायचे आणि कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं गोरोबांचं काम. त्यातलं शेवटचं त्यांना सगळ्यात चांगलं जमायचं.

ही हकीकत मला त्यांच्या बायकोनं, शिवगंगाकाकूंनी सांगितली. गोरोबांना विचारलं तर ते म्हणायचे, "मला काय कळलंय त्यातलं? तिलाच इचार."

सन चव्वेचाळीसच्या पावसाळ्यानंतर सडकेवरच्या एका पुलाच्या दुरुस्तीसाठी वलीसाहेब नावाचे तरुण इंजिनियर बंगल्यात राहायला आले. त्यांच्याबरोबर खानसामा होता आणि एक कुत्रा होता. तपकिरी-पांढरा, अंगावर रेशमासारखे केस, आणि कान एवढे लांब की पाणी पिताना आधी कान भिजायचे, मग जीभ. त्याचं नाव कर्नल.

महिन्याभरात हैदराबादहून तार आली. साहेबांची आई आजारी होती. त्याच दुपारी खानसाम्याला घेऊन ते मोटारीनं निघाले. निघताना कुत्र्याची साखळी त्यांनी गोरोबांच्या हातात दिली.

"गोरोबा, दस दिन की बात है. इसको घर के बच्चे जैसा रखो."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सकाळी दूध-पाव. संध्याकाळी मटणाचा खिमा आणि भात. रोज मैलभर फिरवायचं. रोज अंगावरून ब्रश फिरवायचा. हात उगारायचा नाही. गोरोबा प्रत्येक गोष्टीला "जी सरकार" म्हणाले. मोटार दिसेनाशी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं घर माळकरी आहे.

बंगल्याच्या मागंच चपराशाची दोन खोल्यांची जागा होती. शिवगंगाकाकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"खिमा? माझ्या चुलीवर?"

"आपल्या न्हाय. हुसेनबीमावशीला सांगतो."

हुसेनबी कुंपणापलीकडं राहायच्या. एकट्याच होत्या, चार-पाच शेळ्या पाळून होत्या. त्यांनी लगेच होकार दिला. खिमा-भात त्या शिजवणार, गोरोबा वाडगं घेऊन येणार आणि कर्नल अंगणात जेवणार. घरात मात्र त्यानं पाऊल टाकायचं नाही, असं काकूंनी बजावलं.

आणखी एक अडचण गोरोबांना पहिल्याच संध्याकाळी पडली. कुत्र्याशी बोलायचं कसं?

"कर्नलसाहेब, जेवा," ते म्हणाले.

काकू हसून हसून खाली बसल्या. "अवो, कुत्र्याला अहो-जाहो?"

"नाव बग की त्याचं. उद्या साहेबांनी इचारलं, अरे-तुरे केलं का, तर काय सांगू?"

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. गोरोबा त्याला रोज किल्ल्याच्या बाजूच्या माळावर न्यायचे. पावसानंतरचं गवत गुडघ्याएवढं वाढून वाळलं होतं. कर्नल त्यात नाक खुपसून पळायचा, कान जमिनीवर लोळायचे. घरी आल्यावर गोरोबा त्याच्या अंगावरून ब्रश फिरवायचे, एकेक काटा वेचून काढायचे. स्वतःच्या डोक्याला त्यांनी कधी एवढा वेळ दिला नव्हता, असं काकू म्हणायच्या.

आठव्या दिवशी हुसेनबींना अणदूरहून निरोप आला. त्यांची लेक बाळंत झाली होती. शेळ्या शेजारणीकडं बांधून त्या गेल्या. आणि त्याच दिवशी सकाळी गोरोबांनी दूध पुढं ठेवलं, तर कर्नलनं मान हलवली.

नुसती हलवली नाही. जोरजोरात, डावीकडून उजवीकडं, कान फडाफडा आपटत. एखादा माणूस चिडून नको नको म्हणतो तशी. मग दूध तसंच सोडून तो भिंतीशी जाऊन बसला.

"नको म्हन्तोय," गोरोबा म्हणाले.

संध्याकाळी खिमा कोण करणार? काकू चुलीजवळ येऊ देईनात. शेवटी गोरोबांनी बंगल्याच्या मागं तीन दगड मांडले, खाटकाकडून आणलेलं मटण पातेल्यात टाकलं आणि नाकाला उपरणं बांधून, तोंड दुसरीकडं करून ते ढवळत बसले. जन्मात पहिल्यांदा. मीठ घालायचं असतं का नसतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पातेलं पुढं ठेवलं. कर्नलनं वास घेतला आणि मान हलवली.

"माझ्या हातचं आवडलं न्हाय त्याला," गोरोबा म्हणाले. त्यांना वाईटही वाटलं आणि थोडा रागही आला. राग आल्याचं पुन्हा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. भाकरी कुस्करून दिली, मान. गूळ दिला, मान. "फिरायला चला," म्हटलं, तरी मान. काकू म्हणाल्या, "साहेबांची याद येतीया त्याला." गोरोबांना ते पटलं. मग त्यांनी साहेबांची जुनी चादर अंगणात अंथरली. कर्नल चादरीवर बसला आणि तिथं बसूनही मान हलवत राहिला.

तिसऱ्या दिवशी गोरोबांच्या मनानं वेगळंच घेतलं. साहेब कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचे. आपण मराठीत बोलतो. आठ दिवस त्यानं साहेबांची अब्रू म्हणून ऐकून घेतलं असेल, आता कंटाळला असेल. उर्दू थोडीफार येत होती, ती त्यांनी वापरून बघितली. "खाओ कर्नलसाहेब, मेहरबानी करके खाओ." मान हलली.

इंग्रजी येणारा माणूस नळदुर्गात गोरोबांच्या माहितीत एकच होता, शाळेतले वसंतराव मास्तर. गोरोबा कुत्र्याला घेऊन त्यांच्या ओट्यापाशी गेले. मास्तरांनी टोपी घातली, घसा साफ केला.

"सिट डाऊन," मास्तर म्हणाले.

कर्नल खाली बसला!

ओट्याभोवती जमलेली माणसं थक्क झाली. मास्तरही चमकले, कारण त्यांच्या इंग्रजीला नळदुर्गात आजवर एवढं तत्पर उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी हुरूप येऊन विचारलं, "व्हाय यू नॉट ईट?"

कर्नलनं मान हलवली.

"काय म्हनला?" गोरोबांनी विचारलं.

मास्तर बराच वेळ विचार करत राहिले. "कारण सांगायचं नाही म्हणतो," ते शेवटी म्हणाले.

गोरोबा घरी आले ते आणखीच गोंधळून. कुत्र्याला कळतंय, तरी तो नको म्हणतोय. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलंय. पण काय? साहेबांनी सांगितलेलं सगळं त्यांनी मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. दूध दिलं होतं. फिरवलं होतं. ब्रश फिरवला होता. हात उगारला नव्हता. एकही हुकूम मोडला नव्हता. तरी कुत्रा वाळत चालला होता, मान आता एका बाजूला कलती धरत होता, आणि मधूनच मागच्या पायानं डोकं खाजवून केविलवाणं ओरडत होता. अकरावा दिवस गेला, साहेबांचा पत्ता नव्हता. गोरोबा स्वतःही धड जेवेनात. "साहेबांना काय तोंड दाखवू?" एवढंच ते म्हणत. शेवटी शिवगंगाकाकूंनीच कर्नलला उचलून आतल्या खोलीत, आपल्या गोधडीवर ठेवलं. घरात पाऊल टाकायचं नाही, हे त्या विसरल्या का त्यांनी मोडलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी हुसेनबी अणदूरहून परत आल्या. नात झाल्याचा गूळ द्यायला त्या कुंपणातून आत आल्या आणि दारातूनच त्यांना कर्नल दिसला.

"क्या हुआ रे इसको?"

"नको म्हन्तोय मावशी. चार दिस झालं, सगळ्यालाच नको म्हन्तोय."

हुसेनबी जवळ आल्या. कर्नलनं मान हलवली. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नको कुठं म्हणतोय गोरोबा? कान दुखतोय त्याचा."



"माझी शेळी असंच करती. कुसळ जातंय कानात. धर त्याला."

कमरेच्या किल्ल्यांना अडकवलेला काटे काढायचा चिमटा हुसेनबींनी सोडवला. तेल कोमट करून आणायला काकूंना सांगितलं. डावा कान उलटा केला, तर आत लालभडक, वासही येत होता. केस एवढे दाट की काही दिसेना, म्हणून त्यांनी कात्रीनं आतले केस कापले. गोरोबांनी कर्नलचं डोकं मांडीत घट्ट धरलं आणि डोळे मिटले. कुत्रा किंचाळला, गोरोबांच्या मनगटात त्याचे दात लागले.

"सोड आता," हुसेनबी म्हणाल्या.

चिमट्याच्या टोकाला माळावरच्या गवताचं एक कुसळ होतं. नखाएवढं. गोरोबांनी ते तळहातावर घेतलं. मनगटातनं रक्त येत होतं तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे म्याच नेलं त्याला तिथं," ते म्हणाले. "मैलभर फिरवा म्हनले साहेब. म्हनून नेलं. न न्यावं तर हुकूम मोडतोय, न्यावं तर कान..."

"कुणाचा गुन्हा न्हाय बेटा. गवत आहे, कान आहे," हुसेनबी म्हणाल्या आणि गूळ काकूंच्या हातात देऊन शेळ्या सोडवायला गेल्या.

त्या दुपारी कर्नलनं दुधात कुस्करलेली अर्धी ज्वारीची भाकरी खाल्ली. गोरोबा समोर बसून होते. "खा रं, खा," ते म्हणत होते. पुढं त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नाही. रोज कोमट तेलाचा बोळा, फिरणं सडकेच्या कडेनं, माळावर नाही. कान आठ-दहा दिवसांत बरा झाला.

वलीसाहेब पाचव्या आठवड्यात आले. आई वाचली होती. ते मोटारीतून उतरताच कर्नल त्यांच्या अंगावर झेपावला, मग धावत गोरोबांकडं आला, पुन्हा साहेबांकडं गेला. साहेबांनी त्याचा कान उचलला, आतले केस वेडेवाकडे कापलेले बघितले आणि विचारलं, "ये क्या किया?"

गोरोबांनी वाक्यं पाठ करून ठेवली होती. एकही आठवलं नाही. त्यांनी सरळ "कुसळ" एवढाच शब्द उच्चारला आणि मनगटावरचा, अजून पुरता न भरलेला दातांचा व्रण पुढं केला. साहेबांना कुसळ कळेना. कुंपणापलीकडून हुसेनबींनी मोठ्यानं दखनीत सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. गोरोबांचं मनगट हातात घेऊन त्यांनी त्यावर आपल्या पेटीतलं औषध लावलं. साहेबानं चपराशाचा हात हातात घेतल्यावर काय करायचं असतं हे गोरोबांना माहीत नव्हतं, म्हणून ते ताठ उभे राहिले.

दुरुस्ती संपल्यावर साहेबांची बदली झाली. कर्नल मोटारीत उडी मारून बसला, तोंड बाहेर काढून वारा खात निघून गेला. मागं वळून बघेल असं गोरोबांना वाटलं होतं. काकू आत जाऊन रडल्या. गोरोबांना रडू यावं की कुत्रा खुशीत गेला म्हणून बरं वाटावं, ते काही ठरेना, म्हणून ते दिवसभर कंदिलाच्या काचा पुसत बसले.

मात्र गावात बोलबाला झाला की गोरोबांना जनावराच्या कानातलं कळतं. लोक कुत्री, वासरं, शेळ्या घेऊन यायचे. "त्या हुसेनबीमावशीकडं जावा, मला काय न्हाय कळत," असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि बोलता बोलता कान उलटा करून बघायचे. पुढं हुसेनबी गेल्या, निजामाचं राज्य गेलं, बंगल्यावरची पाटी बदलली, गोरोबा पेन्शनीत निघाले, तरी माणसं येतच राहिली.

एकदा भूमहून बब्रुवान नावाचा एक माणूस एसटीनं, मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं कुत्रं घेऊन आला. ते काही खात नव्हतं. गोरोबांनी दोन्ही कान बघितले. स्वच्छ होते. दात बघितले, पंजे बघितले, पोट दाबून बघितलं. कुठंच काही नाही.

"काय झालंय?" बब्रुवाननं विचारलं.

"मला न्हाय कळत," गोरोबा म्हणाले. "पर जाऊ नका. ऱ्हावा आजचा दिस."

दुपारभर ते त्या कुत्र्याशेजारी नुसते बसून होते. काकूंनी दोघांना जेवायला वाढलं. संध्याकाळच्या सुमाराला कुत्रं उठलं, गोरोबांच्या ताटाशी गेलं आणि उरलेली भाकरी खाऊ लागलं. बब्रुवाननं गोरोबांचे पाय धरले.

"अवो, म्या काय केलं?" गोरोबा पाय मागं घेत म्हणाले. त्यांनी काकूंकडं बघितलं. काकूंनाही काही ठाऊक नव्हतं. कुत्रं खात होतं.