कोपराच्या उंचीचं टेबल

टेबलाची उंची माझ्या कोपरावरून ठरली होती. बाबांनी मला मागच्या शेडमध्ये ताठ उभं केलं, हातात वेल्डिंगचा होल्डर दिला आणि म्हणाले, "जशी काम करशील तशी उभी रहा. लाजू नको." मग भिंतीला टेकवलेल्या लोखंडी अँगलवर माझ्या कोपराच्या जरा खाली खडूने रेघ मारली. रेघेशेजारी स्वतः उभे राहिले, हात वाकवून पाहिला. रेघ त्यांनाही बरोबर बसली. "बघ बाय," म्हणाले, "आपन दोगं एका मापाचे." आईच्या माहेरची उंची सगळी माझ्या धाकट्या भावाने घेतली होती. मी बाबांवर गेले, बुटकी आणि रुंद हाडाची.

पनवेलच्या विमानतळाची तेव्हा नुसती चर्चा होती. आमची शेती त्याच्या कितीतरी आधी नव्या वसाहतीत गेलेली. उरलं होतं गावातलं घर आणि मागची पत्र्याची शेड. बाबा न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर दुरुस्त करणाऱ्या यार्डात वेल्डर होते. जन्मभर जमिनीवर उकिडवं बसून त्यांनी जोड मारले. निवृत्त झाले तेव्हा उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवावे लागत. मी मेकॅनिकल इंजिनियर, आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली. हे मी सांगणारच, कारण ते मी कमावलेलं आहे. तळोज्याच्या एका कंपनीत नोकरीला होते. पगार बरा होता, पण माझ्या हातात नुसती ड्रॉइंगं यायची, लोखंड यायचं नाही.

शेडमध्ये वर्कशॉप काढायची कल्पना बाबांचीच. "तू मापं काढ, गिऱ्हाइकाशी बोल, मी जोडतो. मंग हलूहलू तूपन जोड." पहिलं काम टेबलाचं, हा मात्र माझा हट्ट होता. आता कुणी उकिडवं बसायचं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो. वरच्या पृष्ठभागासाठी तीन सुताची जाड प्लेट, पायांना चॅनेल, खाली पाय एकमेकांना बांधणाऱ्या कैचीला अँगल. दुकानदार सारखा बाबांशी बोलत होता आणि बाबा प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट करत होते, "मॅडमला इचारा." येताना टेम्पोत मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले, बाबा मागे प्लेटीवर. ती जागा त्यांनीच मला दिली होती.

टेबल करताना आम्ही भरपूर भांडलो. वेल्डिंग तापलं की लोखंडाला ओढतं, म्हणून आधी चारी कोपऱ्यांना समोरासमोर टाके मारायचे, दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे, मगच पक्का जोड. प्लेट खालून जोडायची तीही सलग नाही, मध्ये मध्ये जागा सोडून.

"सलग मारू नका बाबा, प्लेट वाकेल."

"यार्डात मी इतकी वर्षं झक मारली काय?" ते मास्कच्या आतून ओरडले. मी वाकून पाहिलं तर जागा सोडतच चालले होते.

ग्राइंडरचा आवाज ऐकून शेजारची आत्या आली. बाबांची मोठी बहीण, तिच्या तोंडाला गावात सगळे घाबरत. कमरेवर हात ठेवून टेबलाकडे बघत म्हणाली, "येवढं लोखंड! पोरीला आंदन देतोस काय रं? सासरी न्यायला क्रेन लागंल."

बाबांनी मास्क वर केला. "आंदन नाय ताय. दुकानच तिचं हाय. आंदनात मलाच नेईल ती."

आत्या पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. पण ते वाक्य मी नीट उचलून ठेवलं, आणि त्याच आठवड्यात कंपनीत राजीनामा दिला.

टेबल दणकट झालं. वर हातोडा आपटला तर टेबल हलायचं नाही, आवाज पायांतून थेट जमिनीत जायचा. बाबा त्याच्यावर पालथे झोपून प्लेट सपाट आहे का ते डोळ्याने बघत राहिले. मी कोपर टेकवून उभी राहिले. इतकं माझ्या मापाचं घरात दुसरं काहीच नव्हतं. स्वयंपाकाचा ओटासुद्धा आईच्या मापाचा.

नोटीसचा महिना संपत आला तेव्हा कंपनीने शेवटच्या कामासाठी मला पुण्याला पाठवलं. परत आले, बॅग दारात टाकली आणि सरळ शेडमध्ये गेले. टेबलावर हात ठेवला तर खांदा वर उचलला गेला. आधी वाटलं, जमीन खचली की काय. मग खाली बसून पाहिलं. चारी पायांना खाली हाताच्या पंजाएवढे नवे तुकडे जोडले होते.

जोड सुंदर होता. तेच मला जास्त लागलं. भावाने घाईघाईत केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी बसलेली ती रेघ बाबांचीच होती. चारी तुकडे लेवल लावून, ग्राइंडर फिरवून, रंगही दिला होता.

भाऊ मागून आला. बंदरातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातली नोकरी त्याने नुकतीच सोडली होती. "ताय, तुज्या टेबलानं माजी कंबर गेली गो," तो हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला वाटत होतं, मला माहीत आहे.

मी बाबांना विचारलं, "उंच का केलं?"

ते रॉडचं पाकीट उघडत राहिले. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आईने दिलं. उरणकडचं स्थळ आलं होतं भावाला, आणि मुलीकडचे विचारणार, मुलगा काय करतो. "त्यांना काय सांगू, घरी बसतो? वर्कशॉप त्याचं हाय म्हनून सांगितलंय. तू काय कायमची हायस इथं?"

"बाबा, आत्याला तुम्ही काय म्हणाला होता?"

"बोलायची गोष्ट येगली असते, बाय."

"मी नोकरी सोडली."

"मग काम कर ना. तुला कोन नको बोलतो?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि भिंतीशी ठेवलेला आईचा जुना पाट पायाने माझ्याकडे सरकवला. "ह्याच्यावर उभी रहा. झालं."

मी पाटाकडे बघितलं आणि घरात निघून गेले.

मुलीकडचे आले तेव्हा बाबांनी त्यांना शेड दाखवली. मला हाक मारून बोलावलं. प्लेटीवर थाप मारून म्हणाले, "हे डिझाइन आमच्या पोरीचं. इंजिनेर हाय ती." तोंडभरून सांगत होते, खोटं काहीच नव्हतं त्यात.

मुलीच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, "मग ताईपण इथंच काम करतात?"

"नाय नाय. ती मोठ्या कंपनीत."

"कंपनी सोडली मी," मी म्हणाले. "या वर्कशॉपसाठी."

मग बाबा हसले. मोकळे, मोठ्याने, यार्डातल्या लोकांत हसायचे तसे. "मस्करी करते," ते पाहुण्यांना म्हणाले. "लहानपनापासून अशीच हाय." पाहुणेही हसले. आई चहाला चला म्हणाली. भाऊ तेवढा हसला नाही, खाली बघत राहिला.

टेबल उंच केलं ते मी कदाचित कधीतरी गिळलं असतं. ते हसणं आजही गिळलं जात नाही. मी काय सोडलं होतं हे त्या शेडमध्ये मी सोडून फक्त एका माणसाला नीट माहीत होतं, आणि त्यानेच त्याचा विनोद केला.

पुढे मला रबाळ्याला नोकरी लागली आणि नवीन पनवेलला मी खोली घेतली. भावाचं लग्न झालं, मी गेले, आहेर केला. वर्कशॉप चाललं. ट्रेलरवाले यायचे, त्यांची मागची फाटकं, हुक, तुटलेल्या पट्ट्या भाऊ जोडायचा, आणि वाईट जोडायचा नाही.

एकदा गणपतीत घरी गेले. शेडमधून ठिणग्या दिसल्या म्हणून डोकावले. भाऊ मालासाठी बाजारात गेला होता. टेबलापाशी बाबा होते, आणि त्यांच्या पायाखाली तो पाट होता. गुडघ्यांमुळे त्यांना नीट चढता येत नव्हतं, एका हाताने टेबलाची कड धरून ते तोल सांभाळत होते. ज्या रेघेपाशी आम्ही दोघं सारखे भरलो होतो, ती त्यांनी स्वतःच्याही कोपराच्या वर नेली होती, आणि टेबल वाढवताना ते बहुतेक त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

मला बघून त्यांनी मास्क वर केला. सावकाश खाली उतरले. पाट पायाने माझ्याकडे ढकलला. "ये बाय, बघ जरा. जोड कसा बसलाय?"

मी होते तिथेच उभी राहिले.

"दिसतोय मला इथून," मी म्हणाले.