‘मी हाय’ छापून आले तेव्हा

निवृत्तीनंतर, ज्या वयात बहुतेकांचे लिहिणे थांबते, त्या वयात मी कविता लिहू लागले. साताऱ्याच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवले. दुसऱ्यांच्या कवितांवर बोलायची सवय होती, पण स्वतःची एक ओळ कुणाला दाखवण्याचे धैर्य नव्हते. पहिली कविता केली ती यजमानांवर.

ते सांगलीकडच्या खेड्यातले, सैन्यात नोकरी केलेले. लांबच्या ठाण्यावरून त्यांचा फोन आला की मी घरच्या अडचणी सांगत सुटायचे. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणायचे, “मी हाय.” त्यांच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. लग्नानंतर काही काळ तो उच्चार सुधारण्याचा मी प्रयत्न केला. पुढे त्या उच्चाराशिवाय मला धीर येईनासा झाला.

कविता लिहिली तेव्हा त्यांचे हृदय थकले होते आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. ते असेपर्यंत त्यांचा हा शब्द त्यांना पुस्तकात पाहता यावा, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत आलेले निवडक कवितांचा संग्रह काढणाऱ्या एका राज्यस्तरीय काव्यस्पर्धेचे आवाहन वाचून ती पाठवली. तिची अखेरची ओळ होती, ‘मी हाय’.

लगेचच आयोजकांचा फोन आला. “मॅडम, अभिनंदन! परीक्षक अक्षरशः रडले हो. आपल्या प्रातिनिधिक संग्रहात घेतोय. प्रती किती लिहू?”

“एक पुरेल,” मी म्हणाले.

“एक? अहो मॅडम, पुरस्कारार्थींना संच घ्यावा लागतो!”

शंका आली नव्हती असे नाही. परंतु एखाद्या चांगल्या मासिकाच्या उत्तराची वाट पाहण्याइतका अवकाश आमच्यापाशी नव्हता. मी पैसे भरून संच घेतला. छापण्यापूर्वी मुद्रिते पाहायला मिळतील का, हे विचारणे मला आगाऊपणाचे वाटले.

समारंभ साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात होता. यजमान हट्टाने आले. समोर बसलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण पुरस्कारार्थीच होता. एका रांगेचा सत्कार झाला की एक स्वयंसेविका हळूच सांगायची, “शाली परत द्या हं, मागच्या रांगेला लागतात.”

यजमान माझ्या कानाशी म्हणाले, “पलटणीत टोपी तरी आपल्याकडंच ऱ्हायची गं, मास्तरीणबाई.” मला हसू आवरेना. माझ्या आठवणीत आम्ही दोघे मिळून मनापासून हसलो ते तेव्हाच शेवटचे.

निवेदक प्रत्येकाच्या कवितेची अखेरची ओळ वाचून दाखवत होते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि दीर्घ सुस्कारा सोडला, “मी… हाय!” सभागृहातून वाहवा उमटली. हातात नारळ घेऊन मी यजमानांकडे पाहिले. माझा चेहरा पाहून, मला काय झाले म्हणून ते खुर्चीतून अर्धवट उठले होते.

परतताना गाडीत त्यांनी चष्मा लावून ते पान उघडले. कुणीतरी माझी ओळ दुरुस्त केली होती. ‘मी, हाय!’

“ह्ये काय लिवलंय?”

“त्यांना तुमचा शब्द कळला नाही हो.”

“म्हंजी मी गेलोच की गं!” ते हसले, आणि मग बराच वेळ खोकत राहिले. “जाऊ दे. पुस्तकात आलं न्हवं? लय झालं.”

घरी आल्यावर मी आयोजकांना फोन केला. “मॅडम, उलट उद्गारचिन्हानं भाव आला,” ते म्हणाले. “नाहीतर ओळ अर्धवट वाटत होती. तरी पुढच्या आवृत्तीत बघू, तुम्ही प्रती वाढवत असाल तर.”

पुढच्या हिवाळ्यात यजमान गेले. भेटायला आलेल्या माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी टेबलावरचा संग्रह उचलला, कविता वाचली आणि पदर डोळ्यांना लावला. “किती खरं लिहिलंत हो. ते गेल्यावर लगेच सुचली?”

मी होकारार्थी मान हलवली. ही कविता एका जिवंत माणसाची आहे, हे त्या पानाकडे पाहून कुणाला पटले असते?

घरात कुणी नसले की ती शेवटची ओळ मी म्हणून पाहते. स्वल्पविराम गाळून, त्यांच्यासारखी आखूड, हाकेला ओ दिल्यासारखी. पण तो शब्द माझ्या बोलीतला नाही. कितीही जपून उच्चारला, तरी माझ्या तोंडून तो त्या निवेदकाच्या तोंडून आला तसाच बाहेर पडतो.