साहेब, मला पलीकडे सोडा

ईशा, निहार, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, सिल्व्हर पार्कचा तो चौक आता एकटी कशी ओलांडतेस?" म्हणून आमच्या तळमजल्यावरच्या काकूंबद्दल लिहिते.

काकूंचं प्रत्येक वाक्य "बरोबर ना?" वर संपतं. रिक्षावाल्यालाही म्हणतात, "भैया, जरा देखके, बरोबर ना?" त्या चौकात शाळेची मुलं गाडीखाली येता येता वाचली, तेव्हापासून काकू पालिकेकडे गतिरोधक आणि सिग्नल मागत होत्या. शेवटी एक इंजिनियर पाहणीला आले, पण गाडीत बसूनच म्हणाले, "मावशी, बघितलं. प्रोसेसमध्ये आहे."

काकूंनी गाडीचं दार उघडलं. "साहेब, मला पलीकडे सोडा. मुलासारखे आहात, बरोबर ना?"

म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? साहेब गाडीतून उतरून काकूंबरोबर चालत निघाले. अर्ध्या रस्त्यात दोन्हीकडून डंपर आले. साहेबांनीच घाबरून काकूंचा दंड घट्ट पकडला. काकू मात्र ढळल्या नाहीत. मी फुटपाथवरून बघत होते.

पलीकडे पोचल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आता परत चला. माझं घर तिकडे आहे, बरोबर ना?"

त्यानंतर महिन्याभरात गतिरोधक झाला. सिग्नल अजून आलेला नाही. गतिरोधकावरचे पांढरे पट्टेही पुसट होत चाललेत. पण गतिरोधक आहे, आणि गाड्या तिथे हळू होतात.