तेरवीच्या ओळीपुढची फिकट अक्षरं

आधीच सांगून टाकते — अंगात येणं, लिंबू-मिरची, अमावस्या असलं काहीही मी मानत नाही. गल्लीत कोणी दृष्ट काढायला बसलं तर मीठ-मोहरी वाया घालवता म्हणून मी भांडायची. या सदरातले भुताखेताचे अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचायची, ते हसायला. आणि खाली "ताई, डॉक्टरला दाखवा" असं लिहिणारे असतील, तर दाखवलं आहे. गोळ्या चालू आहेत. झोप लागते, बाकी काही होत नाही.

मी मलकापूरला राहते. स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत माझं काम. आधी डीटीपी करायची — लग्नपत्रिका, वास्तुशांती, बिलबुकं. आता लोकांना वेबसाईट लागते. कापसाच्या जिनिंगवाल्यांना लागते, शाळांना लागते, आणि दोन-तीन वर्षांपासून श्रद्धांजलीचीसुद्धा लिंक लागते, व्हॉट्सअपवर फिरवायला. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले, तो आजचा विषय नाही. घरात मी आणि माझी माय. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. वर्षभरापासून विसरायला लागली होती. भाजीत मीठ दोनदा टाकायची, मला कधी कधी तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. धाकटा भाऊ संजू गावातच वेगळा राहतो, जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो.

तो मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास माझ्या एचटीएमएल एडिटरचं मोठं अपडेट आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — एचटीएमएल म्हणजे वेबपानाचा सांगाडा, मथळा कुठे, फोटो कुठे, मजकूर कुठे, हे सांगणारी भाषा. ती ज्यात लिहायची तो एडिटर. माझा आधीचा एडिटर अगदीच गरीब होता. नव्यात काय काय आलं होतं... सुरुवातीचा टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, बदलला की शेवटचा आपोआप बदलतो. डावीकडे लिहा, उजवीकडे त्याच क्षणी पान तयार दिसतं. प्रत्येक वेळी सेव्ह केलेलं वेळेसकट इतिहासात राहतं, पाहिजे तेव्हा मागे जाता येतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे सुचवणं. तुम्ही दोन शब्द लिहा, पुढचा मजकूर तो फिकट करड्या अक्षरात दाखवतो. पटला तर टॅबचं बटण दाबायचं, अक्षरं काळी होतात, तुमची होतात. नाही पटला तर लिहीत राहायचं, ती जातात.

मी पाऊण तास त्याच्याशी खेळत बसले. खरं सांगते, फार दिवसांनी कामात मजा येत होती. मान वर केली तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि मायच्या चपला नव्हत्या.

गल्ली पाहिली, देऊळ पाहिलं, भाजीबाजार, बसस्टँड, स्टेशनचे दोन्ही प्लॅटफॉर्म. संजू काटा सोडून आला. दुपारी पोलीस स्टेशनला तक्रार दिली, त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला. घरी आले, काहीतरी करायला पाहिजे होतं. मला जे येतं तेच मी केलं — हरवल्याचं पान बनवायला बसले. एका लिंकवर फोटो, वर्णन, आमचे फोन नंबर, नकाशा.

इथे माझी चूक झाली. आम्हा डीटीपीवाल्यांची एक सवय असते, कोरी फाईल कोणी उघडत नाही. जुनी काढायची, नाव बदलायचं, फोटो बदलायचा, झालं काम. त्या नादात एकदा माझ्या हातून एका पत्रिकेत दुसऱ्याच नवरीचा मामा राहून गेला होता, महिनाभर शिव्या खाल्ल्या. तर त्या दुपारी मी घाईत जी जुनी फाईल काढली ती श्रद्धांजलीची होती. मधोमध फोटोची चौकट, खाली मजकूर, सगळं तयार. "भावपूर्ण श्रद्धांजली" खोडून "हरवल्या आहेत" लिहिलं. जुना फोटो काढून मायचा लावला. तारखा काढल्या. सगळ्यात खाली एक ओळ राहिली होती — "तेरवी : स्थळ :". आमच्याकडे तेराव्याला तेरवी म्हणतात. त्यापुढचा जुना पत्ता मी खोडला आणि ती ओळच काढून टाकायला कर्सर नेला, तर पुढे फिकट अक्षरं आली.

"पिंपळगाव राजा, पीठगिरणीच्या मागे."

अंगावर सरसरून काटा आला, पण तो मायच्या फोटोखाली तेरवी वाचून. पत्त्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी म्हटलं, मेल्या, तुला हेच सुचायचं होतं का आत्ता. आख्खी ओळ खोडली, पान चढवलं, लिंक शंभर ठिकाणी पाठवली.

बुधवारी संजूचा दुसरा नंबर टाकायला फाईल उघडली. ती ओळ जागेवर होती. "तेरवी : स्थळ :" काळ्या अक्षरात, आणि पुढे फिकट, तेच — पिंपळगाव राजा, पीठगिरणीच्या मागे. मला वाटलं सेव्ह करताना चुकले असेन. खोडली. संध्याकाळी पुन्हा उघडली, पुन्हा होती.

आता मी काही अडाणी नाही. हे सुचवणं तो आपल्याच फायलींवरून करतो, हे मला कळतं. म्हणून सगळ्या जुन्या फायलींमध्ये "पिंपळगाव" शोधलं. एकही सापडलं नाही. पंधरा वर्षांत त्या गावाचं एकही काम मी केलेलं नव्हतं. इंटरनेटवरून घेत असेल म्हणून वायफायची वायर उपटली, मोबाईल बंद केला. अक्षरं आली. इतिहास उघडला तर त्यात ओळ मी खोडल्याची वेळ होती, ती परत आल्याची नव्हती. मग मी घाबरले. पण लोक घाबरतात तसं भुताला नाही हो... मला वाटलं, हे मायचं मरण माझ्याकडून कबूल करून घेतंय. मी नाही करणार कबूल. खोडलं.

गुरुवारी संजू अमडापूरहून आला. अमडापूर मायचं माहेर. माय कुठे गेली असेल तर तिथेच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो दोन दिवस तिथलं एकेक घर फिरून आला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. माझ्या मागे उभा राहून पाणी पीत होता, त्याची नजर स्क्रीनवर गेली.

"ताई, हे काय होय?"

मी फाईल बंद करायला माऊस धरला.

"माय जित्ती हाय अन् तू तिले तेरवीच्या पानावर बसवलं?"

"चौकट तयार होती रे. घाईत काढली."

"कोरं पान नव्हतं का तुह्याजवळ? दुनियाभरचे पानं बनवते, मायसाठी एक कोरं नाई भेटलं?"

मी त्याला सगळं सांगितलं, ओळ परत येते ते, गावाचं नाव येतं ते. त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"पिंपळगावले आपलं कोन हाय? कोनी नाई. तिथी जाऊन काय करू, तेरवीचा मांडव टाकू? तू झोपली नाईस ताई तीन दिवसांपासून. बंद कर ते." मग म्हणाला, "मले आता रडूही येत नाई."

मला त्याचं पटलं. खरं म्हणजे मला पटवून घ्यायचंच होतं. एका गावाचं नाव कळलं आहे, मोटारसायकलवर दीड तासाचा रस्ता, आणि मी जात नाही, कारण गेले तर तेरवी खरी होईल. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. त्या दिवशी मी ती ओळ अजून तीनदा खोडली.

शुक्रवारी सकाळी संजू आला, आता कुठे जायचं म्हणून. मी कॉम्प्युटरपुढेच होते. फाईल उघडी, ओळ होती, अक्षरं होती. रागवायचंही बळ राहिलं नव्हतं. म्हटलं घे, तुझंच खरं कर, पण माझी माय कुठे आहे ते सांग. आणि टॅब दाबला. अक्षरं काळी झाली. उजवीकडच्या पानावर मायचा फोटो, त्याच्या खाली "तेरवी : स्थळ : पिंपळगाव राजा, पीठगिरणीच्या मागे." इतिहासात वेळ उमटली, आठ वाजून बारा मिनिटं.

"संजू, गाडी काढ," मी म्हटलं. त्यानं किल्ली उचलली. काऊन म्हणूनही विचारलं नाही.

नांदुऱ्यावरून गेलो. गावात शिरल्यावर पीठगिरणी विचारली, पहिल्याच माणसानं हात दाखवला. गिरणीला कुलूप होतं. मागे एक घर, दारात चपलांचा ढीग, आठ-दहा बायका उभ्या. संजूनं गाडी स्टँडला लावली नाही, तशीच टाकली आणि पळाला.

माय पुढच्या खोलीत होती. चटईवर, अंगावर धुतलेली चादर, केस विंचरलेले. पायाला हात लावला तर पूर्ण गारही झाली नव्हती.

ते घर गिरणीवाल्यांचं. त्यांच्या बायकोचं नाव शबानाभाभी, माझ्याच वयाच्या असतील. आम्ही कोण ते कळल्यावर त्या माझा हात धरून खालीच बसल्या.

"मंगळवारी सांजच्याले आल्त्या माँजी. गिरणीच्या ओट्यावर बसल्त्या. मी इचारलं, कोन्या गावच्या? तं अमडापूर म्हणे. इथी कशा? तं म्हणे, लेक येऊन राह्यली न्याले. इतकं साफ बोलत होत्या, मले काय मालूम त्याईले याद राहत नाई म्हणून. जेवल्या, झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, लेक येऊन राह्यली. आमी आज पोलीस पाटलाले सांगनारच होतो बाई, खुदा कसम."

"गेली कधी?" संजूनं विचारलं.

"आताच तं. चहा देला, अर्धा पिल्या. आमच्या यायनं तिकडं गिरणी चालू केली, सवा आठ समजा. कप खाली ठेवला अन् भिंतीले टेकल्या. मले वाटलं डोळा लागला."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी रोज इचारलं त्याईले, माँजी, लेकीचा नंबर सांगा, फोन लावतो. तं म्हणे, नको, तिले तरास देऊ नका. तिचं काम चालू हाय. काम झालं का येते ती."

हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, संजूलाही नाही. मंगळवारी सकाळी मी नव्या एडिटरमध्ये गुंग असताना माय तीनदा खोलीत आली होती. तिला अमडापूरला जायचं होतं, आज कोणता वार, बस किती वाजता, हेच हेच विचारत होती. तिसऱ्यांदा मी मान वर न करता ओरडले — माय, मले तरास देऊ नको, काम झालं का नेते. ती "हाव" म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. सगळं विसरणारी माझी माय, तेवढं एक वाक्य तीन दिवस विसरली नाही.

माय तिथे कशी पोचली, कोणत्या बसमध्ये बसली, कोणी बसवलं, काहीही कळलं नाही. तेरवी आम्ही मलकापूरलाच केली, मी हट्टानं करायला लावली. शबानाभाभी आणि त्यांचे मिस्टर आले होते. एका ओळखीच्या इंजिनिअर मुलीला मी कॉम्प्युटर दाखवला. ती म्हणाली, फिकट मजकूर टॅब दाबल्याशिवाय कुठेच साठत नाही, त्यामुळे आधीच्या दिवसांत काय दिसलं याचा पुरावा सापडणार नाही. ओळ परत कशी येत होती, हे तिलाही सांगता आलं नाही. आता येत नाही. मी ती ओळ स्वतः लिहून पुढे कर्सर ठेवून बसते कधी कधी, दुपारभर. काही सुचवत नाही तो.

त्या ओळीच्या इतिहासात फक्त माझ्या खोडण्याच्या वेळा आहेत. सहा. त्या सहाही वेळी माझी माय जिवंत होती, माझी वाट पाहत होती. आणि सातवी वेळ आठ बाराची, मी टॅब दाबला ती. तेव्हा ती चहा पीत होती.

संजू म्हणतो, ताई, कोनीतरी तुले पत्ता सांगून राह्यलं होतं, देवच असंन. तसं असेल तर तीन दिवस मी तो खोडत बसले. आणि तसं नसेल, मला बुधवारी वाटलं होतं तेच खरं असेल, तर कबुली मी दिली आणि ती गेली. डोकं फुटेपर्यंत विचार केला आहे, या दोन्हींच्या बाहेर मला काही दिसत नाही. तुमच्यापैकी कोणाला तिसरं काही दिसत असेल तर लिहा. खोटं असलं तरी चालेल.