बंद पडणारी गाडी

काटेवाडीच्या पुढं, इंदापूर रस्त्याला, गोल दिव्यांची एक जुनी निळी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. गाडी इतकी देखणी, की मी मोटारसायकल थांबवली. साठीच्या एक बाई पदर खोचून तापलेल्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवत होत्या. पुढच्या सीटवर त्यांचे मालक बसलेले. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली होती.

"ढकलू का, मावशी?"

"नको, ह्यांनाच इचारते." त्या खिडकीशी वाकल्या. "आवं, आता काय करू?"

मालक जड जिभेनं म्हणाले, "थांब जरा. निवू दे. चोक... ओढू नको."

"बरं," म्हणत बाईंनी त्यांच्या ओठांची कड पदरानं टिपली.

गाडी निवेपर्यंत आम्ही बोलत राहिलो. मालकांनी या गाडीला कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. ते आजारी पडल्यावर बाई चालवायला शिकल्या.

"नवी का घेत नाही? ही वाटेत दगा देते," मी म्हणालो.

"पोरगं बी त्येच म्हनतं," बाई आवाज बारीक करून म्हणाल्या. "पर ही नीट चालली, की हे दिवसभर गप असत्यात. बंद पडली, की माज्याशी बोलत्यात."

त्यांनी बॉनेट लावलं, आत बसून किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. मालकांनी समाधानानं मान हलवली. बाई मात्र गिअर न टाकता त्यांच्याकडे बघत बसून राहिल्या, आणखी काही बोलतील म्हणून.