वहीत नसलेली सही

कुलूप लावलं की कुलूपराव ते तीनदा ओढून बघत, आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहत की वाटे, आता मलाही एकदा ओढून बघणार. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गोपनीय कपाट त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या हाताखाली मी. 'कुलूपराव' हे नाव मीच पाडलेलं. तेवढंच माझं कार्यालयीन कर्तृत्व.

चहाला उठायचं तरी टाइपरायटरवरचा कागद काढून खणात जाई. प्रश्नपत्रिका टंकून झाली की वापरलेला कार्बन ते खिडकीच्या उजेडात धरत. अक्षर न् अक्षर वाचता येई. "हा लय चुगलखोर हाय," म्हणत आणि तो जाळून राखसुद्धा काडीनं मोडत. त्या राखेवर मी पुष्कळ विनोद केले. हसणाऱ्यांतले काही विनोदाला हसत, काही बौद्धवाड्यातल्या माणसाला. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता, असं मी म्हणतो.

पाच मिनिटांसाठी किल्ली घ्यायची तरी त्यांच्या वहीत वेळ लिहून सही करावी लागे. एकदा मी चिडून विचारलं, माझ्यावर भरोसा नाही का? ते म्हणाले, "किल्ली मागणारा आपलाच असतोय. परका कशाला मागंल? तो कुलूप तोडतोय."

नामांतराचे ते दिवस. एका दुपारी निरोप आला, गावाकडं त्यांच्या वस्तीवर दगडफेक झाली. आई तिथं एकटी. तशाही अवस्थेत त्यांनी किल्लीबरोबर वही पुढं केली. मी म्हणालो, "अहो, घरच्यासारखा माणूस मी. सही कशाला? तुम्ही आधी एसटी गाठा." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. वही मिटली आणि गेले.

तासाभरानं माझा मेव्हणा आला. त्या वर्षी परीक्षेला बसलेला. मागचे गुण फक्त बघायचे होते म्हणे. मी त्याला किल्ली दिली आणि चहाला गेलो. दोन दिवसांनी प्रश्नपत्रिका गंगाखेडात हातोहात फिरत होती.

चौकशीत कुलूपरावांनी सांगितलं, किल्ली याच्याकडं दिली होती. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "वहीत बघा ना."

वही बघितली. आणखी कुणी काही विचारलं नाही. त्यांच्याबद्दल विचारायची गरज कुणाला वाटलीच नाही.

त्यांची बढती गेली, दूरच्या एका केंद्रावर बदली झाली, आणि कपाट माझ्याकडं आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ल्या टेबलावर मांडल्या, वही माझ्याकडं फिरवली, टोपण काढून पेन दिलं.

"मोजून घ्या," ते म्हणाले. "अन् सही करा."

मी सही केली. शाई वाळेपर्यंत ते उभे राहिले. मग कपाटाला कुलूप लावलं आणि एकदाही ओढून न बघता निघून गेले.

मीच ओढलं. तीनदा. आता घराचं कुलूपही तसंच ओढतो. मुलं हसतात. बायको हसत नाही. भाऊ तिचा होता.